आम्ही मृतांसाठी प्रार्थना का करतो

अध्यक्ष महोदय, मंडळाचे पदाधिकारी आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

एप्रिल २०२१ मध्ये माझे वडील वसईला वारले. विमाने बंद होती, त्यामुळे त्यांचे दफन मी इंग्लंडमधल्या माझ्या घरात बसून मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. खड्ड्यात माती लोटणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा हात तेवढा स्पष्ट दिसत होता, बाकीचे चित्र सारखे अडकत होते. सातव्या दिवशी गावच्या चर्चमध्ये त्यांच्या नावाने मिस्सा, म्हणजे वेदीवरचा आमचा मुख्य उपासनाविधी, अर्पण झाली. त्या संध्याकाळी याच मंडळातले एक मित्र डबा घेऊन दारात आले. त्यांचे घराणे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले आणि चार पिढ्यांचे प्रोटेस्टंट, म्हणजे रोमच्या कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या परंपरेतले, ख्रिस्ती आहे. जेवण झाल्यावर त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, "दादा, राग मानू नका. देवापुढे बाबांचा निवाडा तर झाला. आता आपल्या प्रार्थनेने त्यात काय बदलणार?"

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही, कारण देण्याची ताकद नव्हती. या वर्षीच्या मेळाव्यात आपापल्या श्रद्धेविषयी बोलण्याचे आमंत्रण मिळाले, तेव्हा मी ठरवले की तेच उत्तर द्यायचे आणि त्या मित्राच्या समोर द्यायचे. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत. प्रोटेस्टंट बांधवांचे ऋण मी आधीच मान्य करतो. मराठीत बायबल घरोघर पोहोचले ते मुख्यतः त्यांच्या कष्टांमुळे, आणि बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक ही माणसे मराठी भाषेला त्यांच्याच मंडळ्यांनी दिली.

आम्हा कॅथलिकांवर घेतले जाणारे आक्षेप वरवर पाहता निरनिराळे आहेत. तुम्ही मरियेची पूजा करता, संतांना साकडे घालता, मूर्तींपुढे मेणबत्त्या लावता, मेलेल्यांसाठी मिस्सा करता, असे आम्हाला सांगितले जाते. माझ्या समजुतीप्रमाणे या बहुतेक आक्षेपांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो असा की ख्रिस्ताशी जोडलेला माणूस मेला म्हणजे आमच्यापासून तुटतो काय. संत पौल म्हणतो की आपण सर्व मिळून ख्रिस्ताचे एक शरीर आहोत आणि डोळा हाताला 'मला तुझी गरज नाही' असे म्हणू शकत नाही. तोच पौल रोमकरांस लिहितो की मरणसुद्धा आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकत नाही. ही दोन वचने कॅथलिक माणूस शब्दशः खरी मानतो. ज्या प्रीतीत माझे वडील जिवंत असताना होते तीत ते आजही असतील, तर त्यांचा आणि माझा संबंध मातीने कसा तुटेल?

यावर पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले वचन पुढे केले जाते. देव एक आहे आणि देव व मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थही एकच, तो ख्रिस्त येशू होय. हे वचन आम्ही पूर्णपणे मानतो. परंतु तो अध्याय पाचव्या ओवीपासून सुरू होत नाही. त्याच्या पहिल्याच ओवीत पौल सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना आणि मध्यस्थी करण्याचा बोध करतो. म्हणजे एकाने दुसऱ्यासाठी देवाकडे रदबदली केल्याने ख्रिस्ताच्या मध्यस्थीला बाध येतो असे पौलाला वाटत नव्हते. माझे प्रोटेस्टंट मित्र रुग्णालयात निघताना 'माझ्यासाठी प्रार्थना करा' असे मला सांगतात, तेव्हा ते ख्रिस्ताला बाजूला सारत नाहीत. हीच विनंती आम्ही संत गोन्सालो गार्सियाला करतो. तो आमच्या वसईचा मुलगा. १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर तो क्रुसावर मेला आणि १८६२ साली त्याला संतपद मिळाले. जिवंत शेजाऱ्याची प्रार्थना चालते आणि ख्रिस्तासाठी प्राण दिलेल्या माणसाची चालत नाही, हे मला कधी पटलेले नाही.

'मेलेल्यांना ऐकू येत नाही' असेही म्हणतात, आणि मृतांना प्रश्न विचारण्याची बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली मनाई दाखवतात. ही मनाई खरी आहे आणि आम्हालाही लागू आहे. शौल राजाने एन-दोर येथे जे केले ते पाप होते, कारण त्याला मेलेल्या शमुवेलाकडून पुढचे भविष्य काढून घ्यायचे होते. आम्ही संतांकडून भविष्य काढत नाही, त्यांना प्रार्थना करायला सांगतो. देव मृतांचा नसून जिवंतांचा आहे, हे तर प्रभूने स्वतःच अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याविषयी बोलताना सांगितले. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात चोवीस वडील धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या घेऊन कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, पालथे पडले आहेत, आणि त्या वाट्या म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना आहेत, असे तेथेच लिहिले आहे.

आता 'पूजा' या शब्दाकडे वळतो, कारण भांडणाचा मोठा भाग या एका शब्दाने माजवला आहे. इंग्रजीत 'वर्शिप' या शब्दाचा जुना अर्थ मान देणे एवढाच होता. इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातल्या लग्नविधीत वर वधूच्या बोटात अंगठी घालताना 'माझ्या देहाने मी तुझी वर्शिप करतो' असे म्हणत असे, आणि या देशात न्यायदंडाधिकाऱ्याला आजही 'युअर वर्शिप' म्हणतात. त्यावरून कोणी नवरा मूर्तिपूजक ठरला नाही. आपल्या मराठीत तर हा भेद समजावून सांगावाही लागत नाही. सुनेने सासूच्या पाया पडणे आणि देवापुढे लोटांगण घालणे यातला फरक घरातल्या लहान मुलालाही कळतो. ख्रिस्तसभेने, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चने, हाच फरक काटेकोर शब्दांत बांधून ठेवला आहे. आराधना फक्त देवाची, संतांना आदर, आणि मरियेला सर्व संतांहून अधिक आदर. तरीही तो आदरच, आराधना नव्हे.

हा भेद नंतर अडचणीतून सुटण्यासाठी शोधून काढला, असा समज कोणाचा असेल तर त्याने आजच्या तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहराच्या ख्रिस्ती मंडळीचे पत्र पाहावे. साधारण इसवी सन १५५ च्या सुमारास तिथला वृद्ध बिशप पॉलिकार्प जाळून मारला गेला. मंडळीने त्याच्या अस्थी गोळा केल्या आणि त्या रत्नांहून मोलाच्या आहेत असे लिहिले. ख्रिस्ताला सोडून हे लोक आता पॉलिकार्पलाच भजू लागतील, अशी भीती तेव्हाही विरोधकांनी घातली होती. त्यावर त्या मंडळीचे उत्तर असे, की ख्रिस्ताची आम्ही आराधना करतो कारण तो देवाचा पुत्र आहे, आणि हुतात्म्यांवर आम्ही प्रेम करतो कारण ते त्याचे शिष्य आहेत. हे लिहिले गेले तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाइनच्या जन्माला शंभराहून अधिक वर्षे अवकाश होता. ख्रिस्ती झालेल्या रोमन साम्राज्याने या गोष्टी चर्चमध्ये घुसडल्या, हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

मूर्तींविषयी बोलण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या सभागृहातले बहुसंख्य लोक हिंदू आहेत आणि 'मूर्तिपूजा' हा शब्द मी येथे कोणाला उणे लेखण्यासाठी वापरत नाही. माझा वाद बायबलच्या दहा आज्ञांच्या चौकटीत आहे आणि तो दोन ख्रिस्ती परंपरांमधला आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नको अशी आज्ञा आहे, आणि पंचविसाव्या अध्यायात तोच देव मोशेला कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गदूत, घडवायला सांगतो. तेव्हा मनाई घडवण्याला नाही, घडवलेल्या वस्तूला देव मानण्याला आहे. आमच्या टीकाकारांच्या बाजूनेही एक दाखला आहे. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून उभारलेल्या पितळी सापापुढे लोक पुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. हा धोका खरा आहे. आमच्यातही कोणी पुतळ्यातच शक्ती आहे असे मानून वागत असेल तर तो चुकतो आहे, आणि हे त्याला स्वतः ख्रिस्तसभाच सांगते. १५६३ साली ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या धर्मपरिषदेने स्पष्ट म्हटले की प्रतिमांमध्ये काही देवत्व किंवा सामर्थ्य आहे असे मानू नये, त्यांना दिलेला मान ज्याची प्रतिमा आहे त्याच्याकडे जातो. ७८७ सालच्या निकेआच्या दुसऱ्या परिषदेनेही हेच म्हटले होते.

आता मित्राच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझे वडील भले गृहस्थ होते, पण रागीट होते, आणि सख्ख्या भावाशी असलेला अबोला त्यांनी पूर्णपणे कधीच सोडला नाही. देवाच्या दयेवर त्यांचा विश्वास होता यात मला शंका नाही. परंतु तो अबोला मनात ठेवून कोणी देवाच्या समोर बसू शकत नाही, हेही मला ठाऊक आहे. शुद्धिस्थान म्हणजे दुसरा नरक नव्हे, आणि स्वर्ग मिळवण्याची दुसरी संधीही नव्हे. तारण झालेल्या माणसाच्या अंगावर उरलेला मळ देवाच्या प्रीतीने जाळला जाण्याची ती अवस्था आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की एखाद्याचे काम जळून जाईल, तो स्वतः मात्र तारला जाईल, पण जणू अग्नीतून. निवाडा बदलावा म्हणून आम्ही प्रार्थना करत नाही. त्या अग्नीत तो एकटा नसावा, म्हणून करतो.

मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदा मक्काबी युद्धात पडलेल्यांच्या पापांसाठी अर्पण व्हावे म्हणून दोन हजार चांदीची नाणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो. हे पुस्तक आमच्या बायबलात नाही, असे मित्र म्हणतात, आणि ते खरे आहे. त्यांच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, आमच्यात ७३. पण ही सात पुस्तके आम्ही वाढवली नाहीत. ३९७ सालच्या कार्थेजच्या परिषदेच्या यादीत ती आहेत. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५३४ च्या आपल्या बायबलात ती वेगळी काढून ठेवली, तरी छापली. १६११ च्या किंग जेम्स बायबलातही ती होती. ती बायबलातून सर्रास गळाली ती एकोणिसाव्या शतकात, बायबल सोसायट्यांनी छापणे थांबवल्यावर. आणि पुस्तकाचा वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी ३८७ साली ओस्तिया येथे मरणशय्येवर पडलेली मोनिका उरतेच. आपल्या मुलाला, म्हणजे पुढे संत आणि थोर धर्मपंडित ठरलेल्या ऑगस्टिनला, ती म्हणाली की हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका. मात्र जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. ज्या ऑगस्टिनला ल्यूथर आणि दुसरा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन दोघेही आपला गुरू मानत, त्याच्या आईची ही शेवटची इच्छा होती.

पैशाचा आक्षेपही टाळत नाही. १५१७ साली जर्मनीत पापदंडमाफीचा, म्हणजे पैसे घेऊन पापाची उरलेली शिक्षा माफ करण्याचा, जो बाजार मांडला गेला तो लाजिरवाणा होता आणि ल्यूथरचा संताप रास्त होता. ट्रेंटच्या परिषदेने तो व्यवहार बंद केला आणि १५६७ साली पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या सगळ्या माफ्या रद्द केल्या. कर्मांनी स्वर्ग विकत घेता येतो असे आम्ही कधीच शिकवले नाही. देवाच्या कृपेवाचून केवळ आपल्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्याचा ट्रेंटने १५४७ साली पहिल्याच कलमात धिक्कार केला आहे. या विषयावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि लुथरन यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि पुढे मेथडिस्टही त्यात आले. सारे मतभेद मिटले असे नाही, पण 'कॅथलिक लोक कृपा मानत नाहीत' हे वाक्य आता तरी आपण एकमेकांच्या मुलांना शिकवू नये.

ज्या देशात आपण राहतो त्या देशात हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या धर्मादाय संस्था १५४७ च्या कायद्याने बरखास्त झाल्या, आणि १५५२ च्या प्रार्थनापुस्तकातल्या दफनविधीत मृताला उद्देशून बोलणेच काढून टाकले गेले. त्याच सुमारास, १५४९ च्या आसपास, विल्टशायरमध्ये थॉमस स्टीफन्स जन्मला. कॅथलिक श्रद्धा सोडायची नव्हती म्हणून तो देश सोडून रोमला गेला, १५७९ साली गोव्याला पोहोचला, आणि १६१६ साली त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले. इंग्लंडमध्ये तोंड बंद झालेल्या श्रद्धेला मराठीने जागा दिली, याचा मला मराठी माणूस म्हणून फार अभिमान वाटतो. त्या काळी कॅथलिकांनीही हात स्वच्छ ठेवले नाहीत. इंग्लंडच्या कॅथलिक राणी मेरीच्या पाच वर्षांत सुमारे २८० प्रोटेस्टंट जाळले गेले, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पुढे पहिल्या महायुद्धात लाखो मुलगे फ्रान्सच्या चिखलात गेले, तेव्हा याच देशातल्या अँग्लिकन चर्चमध्ये मृतांसाठीच्या जाहीर प्रार्थना परत आल्या. आयांना कोणत्याही कायद्याने ती गरज विसरायला लावता आली नव्हती.

दर वर्षी २ नोव्हेंबरच्या, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधी आमच्या चर्चमध्ये एक वही ठेवतात, आणि ज्याने त्याने आपापल्या मृतांची नावे तीत लिहायची असतात. मी वडिलांचे नाव लिहितो आणि त्याखाली ज्या काकांशी त्यांचा अबोला होता त्यांचेही लिहितो. गेल्या वर्षी हे मित्र माझ्याबरोबर आले होते. त्यांच्या आईला जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. पेन मी त्यांच्यापुढे केले नाही आणि त्यांनीही मागितले नाही. पण नावे वाचली जात असताना ते शेवटपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले.