३८१६५४७२९०: दहा कार्डांची एकच मांडणी

टेबलावर ० ते ९ अशी दहा कार्डं. प्रत्येक एकदाच वापरून दहा अंकी संख्या करायची. अट अशी: डावीकडचे पहिले दोन अंक मिळून होणाऱ्या संख्येला २ ने नि:शेष भाग जावा, पहिल्या तिघांना ३ ने, चौघांना ४ ने, असं थेट १० पर्यंत.

दहा कार्डं ३६,२८,८०० प्रकारे मांडता येतात. संगणक सगळ्या चुटकीसरशी तपासतो, पण त्यातून नुसतं उत्तर मिळतं. इथे म्हणून हातच चालतायत.

० सरळ दहाव्या जागी. पाचव्या जागी ० किंवा ५ हवा. ० संपला, म्हणून ५. दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा सम अंकांची. उरलेल्या जागांवर १, ३, ७, ९.

आता चौथं कार्ड नीट बघा. ४ ची कसोटी शेवटच्या दोन अंकांची, आणि तिसरा अंक तर विषम. १४, ३८, ७४ यांना भाग जात नाही. १२, ३६, ७६ यांना जातो. म्हणजे चौथा अंक २ किंवा ६. आठव्या जागी बरेच जण तीन-तीन अंक तपासत बसतात. गरज नाही. सहावा अंक सम आहे आणि २०० ला ८ ने भाग जातोच; शतकस्थान विसरायचं. सातवा-आठवा मिळून १६, ३२, ७२ किंवा ९६.

२ आणि ६ असे अडकले, की ४ आणि ८ दुसऱ्या-सहाव्या जागी. पहिल्या तिघांना ३ ने आणि पहिल्या सहांना ६ ने, म्हणजे ३ नेही, भाग जायचा; म्हणून चौथा, पाचवा, सहावा यांची बेरीज ३ च्या पटीत हवी, तेव्हा मधला गट २५८ किंवा ६५४. पहिल्या तिघांनाही तीच अट लावली, की २५८ च्या दोन मांडण्या उरतात, ६५४ च्या आठ.

छत्तीस लाखांतून दहा!

७ ची सोयीची कसोटी नाही, सरळ भागाकार करायचा. दहापैकी नऊ मांडण्यांच्या पहिल्या सात अंकांना ७ ने भागलं की बाकी उरते: ६, २, ५, २, ४, ५, ६, २, ६. यातली ९८७६५४३२१ फार चकवते: ९८७६५४३२ ला ८ ने भागलं की चक्क १२३४५६७९ येतात. पण ९८७६५४३ ला ७ ने भागताना ५ उरतात.

दहावी मांडणी ३८१६५४७. भागाकार ५,४५,२२१, बाकी ०.

९ साठी काही करावं लागत नाही. १ ते ९ ची बेरीज ४५.

संगणकावर पडताळणाऱ्यांनी एक जपावं. चिन्हासह ३२ बिटांच्या पूर्णांकाची (संगणकात धन-ऋण पूर्ण संख्या साठवायच्या एका नेहमीच्या प्रकाराची) मर्यादा २१४,७४,८३,६४७. नऊ अंक त्यात मावतात, दहावा जोडला की संख्या साधारणपणे −४७,८४,२०,००६ दिसते.

अंक पुन्हा वापरू दिले, तर साखळी २५ अंकांपर्यंत जाते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. ११ पासून पुढे दहा अंकांतला एखादा बसेलच असं नसतं, आणि इथे सव्विसावा बसत नाही.