कळ घरच्यांच्या हातात: समुद्रातलं रक्षाविसर्जन आणि ड्रोन

(कोकणातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर पंचाहत्तरी ओलांडलेले पुष्कळ जण बसले आहेत, म्हणून संयोजकांनी मला विचारलं होतं की विषय जरा हलका घेऊ या का. मी नको म्हटलं. रक्षाविसर्जनाचं बोलणं तुमच्याशीच व्हायला हवं. एरवी ते तुमच्या मागे, घाईघाईत, तुम्हाला न विचारता ठरतं.

माझं रोजचं काम ड्रोनने जमीन मोजायचं. पण अलीकडे मध्येच एखादा वेगळा फोन येतो. "आमच्या बाबांची रक्षा समुद्रात सोडायची आहे. ड्रोनने जमेल का?" इंग्लंड-अमेरिकेत ही सेवा पैसे देऊन मिळते. आपल्याकडे अजून नवलाई आहे. जमतं का, तर जमतं. पण ते कोणासाठी करायचं, हे आधी बोलू.

विसर्जनाला होडीतून कोण जातं ते आठवा. थोरला मुलगा, एखादा पुतण्या, गुरुजी, होडीवाला. गुडघाभर पाण्यातून चालत जायचं, हलत्या होडीच्या काठावरून पाय आत टाकायचा. ऐंशीच्या घरातल्या बाईला ते कसं जमणार? हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी खडकावरूनच विसर्जन करतात, तर तिथे शेवाळ. मग तिला सांगतात, "आई, तू इथेच बस." कितीतरी घरांत तर तिला किनाऱ्यापर्यंतही आणत नाहीत, बायकांनी यायचं नसतं म्हणून. जिने उभा जन्म संसार केला तिला शेवटचा निरोप घरात बसून. मला हे फार लागतं. ड्रोनचं मोल मला वाटतं ते एवढ्याचसाठी, की किनाऱ्यावर राहिलेल्या माणसाला स्वतः सोडता येतं. नाहीतर होडी काही वाईट नाही.

आकाशातून रक्षा सोडायची कल्पना नवी नाही. पंडित नेहरूंनी 1954 साली मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडा आणि बाकीची विमानातून, जिथे शेतकरी राबतो त्या शेतांवर विखरा. 1964 मध्ये तसं झालं. समुद्राचंही तसंच. कार्ल मार्क्सचे सहकारी फ्रेडरिक एंगल्स 1895 मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ईस्टबर्नजवळ, होडीतून त्यांची रक्षा समुद्रात सोडली. त्या होडीत मार्क्सची मुलगी एलेनॉर होती. आणि आपल्या मुंबईतलं उदाहरण घ्या. गांधीजींच्या रक्षेचा एक कलश दुबईच्या एका व्यापारी कुटुंबाकडे राहिला होता, तो मुंबईच्या मणिभवन या गांधी संग्रहालयात आला आणि 30 जानेवारी 2008 रोजी गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रात तिचं विसर्जन झालं. ते केलं नीलमबेन पारीख यांनी, गांधीजींचे थोरले चिरंजीव हरिलाल यांच्या नातीने. बाईच्या हातून झालं म्हणून कुठे काही कमी पडलं नाही.

आता एका घराचं सांगतो. आजोबा बंदरात नोकरीला होते, आजी व्हीलचेअरवर. मुलगे म्हणाले, आम्ही होडीने जातो, तू गाडीतून बघ. नातीने मला बोलावलं. रिमोटवर ड्रोन चालवायच्या काड्या असतात, त्यांना मी कोणाला हात लावू देत नाही. ती माझी जबाबदारी. पण डबा उघडायची कळ वेगळी करता येते. ती आजींच्या हातात दिली. ड्रोन पाण्यावर पोचला, मी म्हटलं, "आजी, आता तुम्ही म्हणाल तेव्हा." त्यांनी बराच वेळ कळ दाबली नाही. मुलगे चुळबुळ करायला लागले, बॅटरीची मलाही काळजी, तरी मी गप्प राहिलो. मग त्यांनी आजोबांना हाक मारली, नावाने. आयुष्यात त्यांनी ते नाव उखाण्याशिवाय घेतलं नसेल. आणि कळ दाबली.

हे नीट व्हायचं तर वारा समजायला हवा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना? इथे तेच कामाला येतं. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे येतो. दुपारी समुद्रावर सोडलेली बारीक राख सरळ तुमच्या अंगावर येईल. रात्री जमीन निवते आणि पहाटेपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणून वेळ सूर्योदयाच्या आसपासची. त्यातही भरती उतरायला लागलेली हवी, म्हणजे पाणी सोडलेलं आत ओढून नेतं. हे दोन्ही जुळणारी सकाळ पंचांगात आणि कोळीवाड्यात विचारून काढावी लागते. हिवाळ्यात ती सहज सापडते. पावसाळ्यात नाहीच. नैर्ऋत्येचा वारा चोवीस तास किनाऱ्यावर आदळत असतो. त्या दिवसांत कोणी गेलं तर मी सांगतो, नदीवर हाताने विसर्जन करा, नाहीतर थोडी रक्षा नारळी पौर्णिमेनंतरच्या स्वच्छ दिवसांसाठी जपून ठेवा.

दुसरा त्रास ड्रोनच्याच पंख्यांचा. ते हवा जोरात खाली ढकलतात. डबा पोटाला चिकटवून बांधला तर राख त्या झोतात सापडते, भोवरा होऊन कडेने वर येते आणि मोटारींत शिरते. रांगोळी भरून मी हे करून पाहिलंय. म्हणून डबा दोरीने बराच खाली लोंबता ठेवायचा आणि ड्रोन एका जागी न थांबवता पुढे जात राहायचं, म्हणजे रक्षा मागे पडत जाते. उंची पंधरा-वीस मीटर पुरे. त्याहून वर गेलात तर राख विरून जाते आणि किनाऱ्यावरच्यांना काही दिसत नाही.

बरं, डब्यात भरायचं काय? परदेशात भट्टीत दहन झाल्यावर राहिलेली हाडं यंत्रात दळून एकसारखी भुकटी करून देतात. एका प्रौढ माणसाची ती साधारण दोन-तीन किलो भरते, बहुतेक सगळी कॅल्शियम फॉस्फेट. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी सावडायला जातो तेव्हा अस्थी अस्थींच्याच रूपात मिळतात आणि त्या दळणं बहुतेक घरांना सहन होत नाही. ते मला मान्य आहे, दळूही नयेत. पण अस्थी उंचावरून किनाऱ्यालगत टाकल्या तर लाटांबरोबर परत वाळूवर येतात, कुत्री ओढतात, पर्यटकांच्या पायाखाली जातात. म्हणून मी अस्थी नेत नाही. अस्थी नाशिकला रामकुंडात, पैठणला, आळंदीला, घरची रीत असेल तिथे हातानेच न्या. ड्रोनमध्ये फक्त चाळलेली रक्षा. हार, लाल कापड, नाणी, प्लास्टिकची पिशवी, काही नाही. फुलं सोडायचीच असतील तर सुट्या पाकळ्या.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन नियम 2021 सालचे आहेत. त्यात वर्ग ठरतो तो ओझ्यासकट वजनावर. दोन किलोपर्यंत सूक्ष्म, त्यापुढे पंचवीस किलोपर्यंत लहान. म्हणजे घरातला लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन पुरत नाही. दोन किलो रक्षा घेतली की तो पुढच्या वर्गात गेला, आणि तिथे प्रमाणपत्रधारक चालकच लागतो. नोंदणी क्रमांक लागतो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या भागात असेल तर 120 मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. तरी पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा. आपला किनारा नौदलाचा आणि तटरक्षक दलाचाही आहे, आणि मुंबईत तर पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. "आमचं धार्मिक काम आहे" म्हणून त्यातून सूट मिळत नाही, मागूही नये.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं परदेशात आहेत, म्हणून तिकडचंही सांगतो. अमेरिकेत रक्षा समुद्रात सोडायची तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर आत जावं लागतं आणि सोडल्यानंतर तीस दिवसांच्या आत पर्यावरण खात्याला कळवावं लागतं. ड्रोन मात्र नजरेच्या टप्प्यात ठेवायचा असतो. हे दोन नियम एकत्र वाचलेत तर लक्षात येईल की तिथे किनाऱ्यावर उभं राहून हे करता येत नाही, बोट घ्यावीच लागते. इंग्लंडमध्ये उलटं. समुद्रात रक्षा सोडायला परवाना लागत नाही, पण साध्या वर्गातल्या ड्रोनमधून काहीही खाली टाकायला बंदी आहे, त्यासाठी चालकाकडे खास मंजुरी हवी. पोरांना सांगा, पैसे भरण्याआधी ती मंजुरी बघायला मागा.

हल्ली गावोगावी फवारणीचे ड्रोन आलेत, बचत गटातल्या बायका 'ड्रोन दीदी' म्हणून ते चालवतात, मला त्याचा अभिमान वाटतो. दाणेदार खत पसरायची त्यांची पेटी रक्षेलाही चालेल असं कोणी सुचवतं. यंत्र म्हणून चालेल. पण ज्या पेटीतून कीटकनाशक किंवा खत गेलं तिच्यात आपल्या माणसाची रक्षा घालू नका, आणि त्या खता-औषधाचा अंश समुद्रातही सोडू नका. पेटी नवी घ्या. कापडी पिशवी आणि तळाला झडप, एवढंच तर लागतं, गावातला शिंपी आणि फॅब्रिकेटर मिळून करून देतात.

शेवटी एक विनंती. ड्रोनला कॅमेरा असतो, पण घरच्यांनी मागितल्याशिवाय मी चित्रण करत नाही, आणि केलं तर कार्ड त्यांच्या हवाली करतो. ते इंटरनेटवर कुठे चढवायचं नाही. आणि पंख्यांचा आवाज मोठा असतो, म्हणून मंत्र, अभंग, हरिपाठ, जे म्हणायचं ते उड्डाणाआधी पूर्ण म्हणा. मी थांबतो. कळ कोणी दाबायची हेही तेव्हाच, सगळ्यांसमोर ठरवून घ्या. आता तुमचे प्रश्न घेतो.