बेडकाच्या फुप्फुसात सापडलेली वाट

अकरावी-बारावीला सायन्स घेतलं असेल तर झुरळाची आकृती आठवतच असेल, आतड्याला चिकटलेला पिवळसर दोऱ्यांचा झुपका, आणि बाजूला रेघ ओढून लिहायचं, माल्पिघी नलिका. आपण नाव पाठ केलं, मार्क घेतले, विषय संपला. पण हा माल्पिघी कोण होता?

मार्चेल्लो माल्पिघी, इटलीतल्या बोलोन्याजवळच्या क्रेवलकोरे गावचा, जन्म १६२८ चा. आणि बघा, त्याच वर्षी विल्यम हार्वेचं ते गाजलेलं पुस्तक आलं, ज्यात त्यानं सांगितलं की हृदय रक्त ढकलतं, ते धमन्यांतून जातं आणि शिरांतून परत येतं. पण धमनीतून शिरेत जातं कुठून? ती जागा हार्वेला दिसलीच नाही, १६५७ मध्ये तो गेला तोपर्यंत नाही.

ती माल्पिघीला दिसली. १६६१ साली, बेडकाच्या फुप्फुसात.

मोठ्या जनावरांमध्ये काही उलगडेना, म्हणून तो बेडकाकडे वळला, कारण त्याचं फुप्फुस पातळ, जवळजवळ पारदर्शक, फुगवून वाळवलं आणि भिंगाखाली धरलं की आत रक्ताच्या बारीक बारीक नळ्यांचं जाळं दिसतं. म्हणजे रक्त मांसात सांडत नाही, मोकळं फिरत नाही, ते शेवटपर्यंत नळीतच राहतं! या केशवाहिन्या. हे सगळं त्यानं आपला मित्र बोरेल्लीला दोन पत्रांत लिहून कळवलं, आणि या कामापायी बेडकांची जवळजवळ सगळी जातच संपवली असंही त्यात कबूल केलं. मला तर तो या एका निवडीसाठीच थोर वाटतो, मोठ्यात जे दिसत नाही ते लहानात शोधायचं.

मग त्याचं भिंग थांबलंच नाही. किडनीत त्यानं काळा रंग सोडला तर रक्तवाहिन्यांच्या फांद्यांना सफरचंदं लगडावीत तसे बारीक गोळे दिसले. अंड्यातलं पिल्लू, झाडांची खोडं, जिभेवरचे उंचवटे, सगळं बघितलं. रेशमाच्या किड्याचा अभ्यास करत तर इतका बसला की ताप आला, डोळे सुजले. तोवर लोकांना वाटायचं किड्याच्या पोटात अवयव वगैरे काही नसतात, आणि यानं दाखवलं की त्याला फुप्फुस नाही पण अंगावरच्या छिद्रांतून श्वासनळ्या आत जातात, त्या छिद्रांना तेल लावलं की किडा मरतो. झुरळाच्या आकृतीतल्या त्या नलिकाही त्याला इथेच, या किड्यात दिसल्या. १६६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेनं हे छापलं.

बोलोन्यात मात्र विरोधक कमी नव्हते. १६८४ मध्ये घराला आग लागली, मायक्रोस्कोप आणि कागद जळाले.

१६९१ मध्ये पोपनं त्याला आपला डॉक्टर म्हणून रोमला बोलावलं. तिथंच १६९४ च्या नोव्हेंबरात तो गेला. बाल्यिव्ही या त्याच्या शिष्यानं शवविच्छेदन केलं, तेव्हा मेंदूत रक्त साकळलेलं दिसलं, नळ्या सोडून बाहेर आलेलं.