टीव्हीमागचा छोटा संगणक

तळहातावर मावणारा हा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय. लिब्रेईएलईसी ही छोटी लिनक्स सिस्टिम टाकलेलं मेमरी कार्ड यात घातलं, एचडीएमआय केबल टीव्हीला जोडली आणि वीज दिली. ना लॉगिन, ना डेस्कटॉप; टीव्हीवर थेट कोडी हा मीडिया प्लेअर उघडतो. सिनेमे, गाणी, फोटो, सगळं समोर.

हा कोडी मुळात एका गेम कन्सोलसाठी लिहिला गेला. एक्सबॉक्सवर सिनेमे बघता यावेत म्हणून हौशी प्रोग्रामर मंडळींनी तो उभा केला. कोडी हे नाव त्याला 2014 मध्ये मिळालं.

लिब्रेईएलईसी 2016 मध्ये ओपनईएलईसी या जुन्या प्रकल्पातून वेगळी झाली. तिचं सूत्र एकच: कोडी चालवायला जेवढं लागतं, तेवढंच ठेवायचं. पूर्ण सिस्टिम एका कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये असते, आणि ती फाइल फक्त वाचता येते. तुमची सेटिंग्ज कार्डाच्या दुसऱ्या भागात राहतात. त्यामुळे वापरता वापरता सिस्टिम बिघडवणं जवळपास अशक्य. अपडेट आलं की जुनी फाइल जाते, तिच्या जागी नवी येते. मला या रचनेतली शिस्त फार आवडते. मात्र नेहमीच्या लिनक्ससारखी हवी ती पॅकेजेस इथे टाकता येत नाहीत.

ते हवं असेल, तर ओएसएमसी ही कोडी चालवणारी दुसरी सिस्टिम घ्या. तिच्या पोटात डेबियन ही नेहमीची लिनक्स आहे. सिनेमे दाखवता दाखवता तेच यंत्र घरचा फाइल सर्व्हरही होऊ शकतं. फक्त सिनेमे बघायचे असतील, तर माझं मत लिब्रेईएलईसीलाच.

पण सिस्टिम कितीही हलकी असली, तरी व्हिडिओ उलगडायचं काम चिपलाच करावं लागतं. रास्पबेरी पाय 4 मधला हार्डवेअर डिकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा चिपमधला खास भाग, एचईव्हीसी कोडेकचा (कोडेक म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करायची पद्धत) फोर-के व्हिडिओ सेकंदाला 60 फ्रेम्सनी चालवतो. पाय 5 मध्ये एचईव्हीसीचा डिकोडर आहे, एच.264 या जुन्या कोडेकचा मात्र काढून टाकला. ते काम तिथे प्रोसेसर करतो, आणि फुल एचडीपर्यंत सहज करतो. म्हणून बोर्ड घेण्याआधी आपल्या फाइली कोणत्या कोडेकमध्ये आहेत, ते बघा.

वेगळा रिमोटही लागत नाही. एचडीएमआय-सीईसीमुळे टीव्हीच्या रिमोटची बटणं त्याच केबलमधून कोडीपर्यंत पोहोचतात. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये ही सोय वेगळ्या नावाने सापडेल: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. ती बंद असेल तर आधी चालू करा.