उसवलेला स्वेटर, विणलेला बाळंतविडा

(पहाट. द्राक्षबागेत धूर. बांधावर शेकोट्या.)

निफाड तालुका, जिल्हा नाशिक. डिसेंबर उतरणीला लागलाय. बागेत घडांमध्ये पाणी उतरतंय, आणि नेमक्या याच दिवसांत थंडीची लाट आली की मणी तडकतात. म्हणून पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, वेलींना पाणी सोडायचं. शेजारच्या कुंदेवाडीत गहू संशोधन केंद्र आहे. तिथे रोजच्या तापमानाची नोंद होते, आणि थंडीच्या लाटेत राज्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यांमध्ये निफाडचं नाव हमखास असतं. काही हिवाळ्यांत पारा 5 अंशांच्याही खाली उतरलाय.

हे जे शेकोटीत काटक्या सारतायत, ते या बागेचे मालक. अंगात नवं जाकीट आहे. गेल्या हिवाळ्यापर्यंत या जाकिटाच्या जागी एक स्वेटर असायचा. चॉकलेटी रंगाचा, लांब बाह्यांचा, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत बायकोने विणून दिलेला. रात्रीची वीज आली की पाणी भरायला जाताना तो, पहाटे शेकोटीशी तो. तोच स्वेटर आता घराच्या ओट्यावर, तो विणणाऱ्या त्याच बायकोच्या, म्हणजे मावशींच्या मांडीवर आहे.

(ओटा. मावशी, मांडीवर स्वेटर, हातात छोटी कात्री.)

मावशींची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलीय. बाळ जानेवारीत येणार, म्हणजे ऐन थंडीत. बाळंतविड्यातली झबली, दुपटी आणि कुंची कधीच तयार झालीयत. मऊ झालेल्या सुती साड्यांची आहेत ती, सगळी हातशिलाई. राहिलाय तो स्वेटर. आणि मावशींनी ठरवलंय की तो बाजारातल्या लोकरीचा नसेल, या स्वेटरचाच असेल.

कारण बाहीवर दिसतंय. कोपराच्या थोडं खाली हा काळपट ठिपका आहे ना, तिथे एकदा शेकोटीतली ठिणगी पडली होती. ठिणगी पडली, लोकर करपली, आणि तिथल्या तिथे विझली. मावशींनी आम्हाला हे करूनच दाखवलं.

(जवळून: दोन धागे, निरांजनाची ज्योत.)

डावीकडचा धागा आठवडी बाजारातल्या गुंड्याचा. लोकर म्हणून विकत मिळतं त्यातलं बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. ज्योत लागली की ते पेट घेतं, वितळतं, आणि टोकाला असा टणक काळा मणी उरतो. उजवीकडचा धागा स्वेटरचा. तो चुरचुरतो, केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की विझतो, आणि राख चिमटीत चुरगळते. ज्या घरात सगळा हिवाळा शेकोटी, चूल आणि शेगडी यांच्या आजूबाजूला जातो, तिथे बाळाच्या अंगावर काय असावं हे एवढ्यातच कळतं. खऱ्या लोकरीचा आणखी एक गुण असा, की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही.

या भागात मेंढ्या नाहीत असं नाही. पिकं निघाली की धनगरांचे वाडे येतात, शेतात मेंढ्या बसवतात. पण दख्खनी मेंढीची लोकर भरड, राठ. ती घोंगडीची लोकर. पाऊस आणि वारा अडवायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण बाळाच्या गालाला ती टोचेल. विणायची लोकर बारीक, लांब धाग्याची लागते. मावशींनी त्या काळी ती नाशिकहून आणली होती.

(टाका सुटतो. धागा सरसर निघतो.)

आता हे बघा. स्वेटर खालून वर विणलेला, म्हणून उसवायचा वरून, जिथे टाके बंद केले होते तिथून. आधी कडेच्या शिवणी उसवून पाठ, पोट आणि बाह्या सुट्या करायच्या. मग शेवटचं टोक शोधायचं. ते सापडायला अर्धा तास गेला, आणि सापडल्यावर अख्खी पाठ आमच्या डोळ्यांसमोर ओळीमागून ओळ मोकळी झाली. कोपराशी झिजलेला भाग बाजूला काढला. करपलेला ठिपकाही.

निघालेला धागा असा वळ्यावळ्यांचा असतो. इतकी वर्षं टाक्यांत बसून त्याला तीच सवय झालेली. तसाच विणला तर कापड खडबडीत येतं. म्हणून खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लडी करायची, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधायची, आणि कोमट रिठ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची. चोळायची नाही, पिळायची नाही, एकदम गरमातून गारात घालायची नाही. लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात. चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गोळा होतो. पाणी निथळलं की सावलीत दांडीवर, खाली हलकंसं वजन टांगून. दोन दिवसांत वळ्या उतरतात.

(दांडीवर लड्या. मागे बाग.)

इथे थोडं थांबायला हवं. हातात दोन सुया घेऊन बसलेली बाई दिसली की वेळ घालवतेय असं समजायची आपल्याकडे पद्धत आहे. मावशींनी टाके घातले तेव्हा आम्ही कॅमेरा फक्त त्यांच्या बोटांवर ठेवला. मोजपट्टी त्या घरात होती, पण त्यांनी मागितली नाही.

(जवळून: नमुन्याचा तुकडा, त्यावर टेकवलेली चार बोटं.)

आधी हा नमुन्याचा छोटा तुकडा. त्यावर चार बोटं आडवी टेकवली आणि खालचे टाके मोजले. 18 आले. बाळाच्या पाठीची रुंदी एक वीत. वीत म्हणजे 12 बोटं, म्हणजे चार बोटांच्या तीन पट, म्हणजे 54 टाके. झालं. धागा जाड असता तर चार बोटांत 16 आले असते आणि पाठ 48 टाक्यांची झाली असती. सुया बदलल्या, हात सैल-घट्ट झाला, तरी हिशेब तोच. हे त्रैराशिक आहे, आणि मावशी ते रोज संध्याकाळी करतात.

बॉर्डर 11 नंबरच्या सुयांवर, एक सुलट एक उलट. त्यामुळे कड ताणली जाते आणि परत जागेवर येते. मग 9 नंबरच्या सुया. सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे नव्याने शिकणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं. पाठ साधी, एक ओळ सुलट, एक उलट. समोरचा भाग दोन पाखांचा, कारण तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून काही ओढून घालायचं नसतं. पाठीचे निम्मे 27, अधिक एकमेकांवर येण्यासाठी 3, असे 30-30 टाके. बगलेशी आलं की दोन टाक्यांचा एक, दोन टाक्यांचा एक, आणि बाहीची खोलगट जागा आपोआप कापडात उतरते. कात्री कुठेच लागत नाही.

नाडीसाठी ही जाळी पाहा. धागा पुढे घेतला, तिथे एक टाका वाढला. लगेच पुढच्या दोन टाक्यांचा एक केला, तिथे एक कमी झाला. टाक्यांची संख्या तीच राहिली, आणि मधे नाडीपुरतं भोक तयार झालं. असं भोक मावशी बगलेखाली दोन ठिकाणी ठेवतात. गळ्याशी नाडी त्या ठेवतच नाहीत. हातमोजेही विणत नाहीत, कारण आतला सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर कळतही नाही. दुपट्यालाही जाळीचं डिझाइन नको, बोटं अडकतात. हे कुठल्या पुस्तकातलं त्यांना ठाऊक नाही. अनेक बाळांनंतर आलेलं शहाणपण आहे हे.

(लेक धाग्याचं एक टोक धरून उभी. मावशी दुसरं टोक पिळतायत.)

ही नाडी. दोन पदर घ्यायचे, हव्या त्या लांबीच्या तिप्पट. दोघींनी दोन टोकं धरून पीळ द्यायचा, इतका की धागा सैल सोडताच त्याच्या गाठी पडायला लागतील. मग मध्यावर दुमडायचा. सोडला की तो स्वतःच स्वतःभोवती पीळ घेतो.

विणकाम आपल्याकडे बाहेरून आलं. एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळांमधून मुलींना सुया-लोकर शिकवली जाई, आणि तिथून ती वाड्यांमध्ये, मग वस्त्यांमध्ये पोहोचली. निफाडकरांना एक आठवण द्यायला हरकत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 18 जानेवारी 1842 रोजी याच निफाडमध्ये जन्मले. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी पुढे पुण्यात 1909 मध्ये सेवासदन उभं केलं, आणि बाईच्या हातातल्या कामाला तिथे शिक्षणाचा दर्जा मिळाला. 1962 मध्ये चीनशी युद्ध झालं, तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. मावशींची आई त्यांच्यातली एक. खाकी लोकर, एकच माप, कोणाच्या अंगात जाणार हे ठाऊक नाही. आईने तेच माप मुलीला शिकवलं आणि मावशींनी ते बोटांत ठेवलं. वही कधी केलीच नाही.

शाळांमध्ये कार्यानुभवाच्या तासाला विणकाम असायचं. ते पुन्हा यायला हवं, आणि मुलांनाही शिकवायला हवं. वीत, बोटं आणि टाके यांतून गुणाकार-भागाकार जसा हाताला कळतो, तसा फळ्यावर कळत नाही, हे आम्ही या ओट्यावर पाहिलं.

तयार सेट स्वस्त मिळतात, विणणारे हात कमी होत चाललेत. या वस्तीवर आता मावशी एकट्याच विणतात.

(फोनवरचं चित्रीकरण. बारसं.)

हे घरच्यांनी पाठवलेलं. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. पाटावर बाळंतविडा मांडलाय.

(पुन्हा ओटा. लेकीच्या हातात सुया, शेजारी वही.)

बाळंतिणीने आता सुया हातात घेतल्यात. आई सांगते, लेक विणते आणि वहीत लिहिते. तिच्या परवानगीने ते माप इथे देतोय.

तान्ह्या बाळाचा स्वेटर. लोकर मध्यम जाडीची, सुया 11 आणि 9. नमुन्यावर चार बोटांत 18 टाके यायला हवेत. पाठ 54 टाके, समोरचे पाखे 30-30. बॉर्डरसकट बगलेपर्यंत आठ बोटं, बगलेपासून खांद्यापर्यंत पाच बोटं. बाही मनगटाशी 34 टाक्यांनी सुरू करायची, दोन्ही कडांना मिळून 42 पर्यंत वाढवायची, लांबी सात बोटं. बाळ सहा महिन्यांचं असेल तर पाठीला दोन बोटं, म्हणजे 9 टाके वाढतात. बॉर्डरसाठी सम संख्या लागते, म्हणून 10 धरायचे.