गोष्ट कुठं घडते, ते आधी सांगा

(चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मागच्या बाकांवर ऐकू येतंय ना? पंखा बंद केला तर मी नीट ऐकू येईन, पण तुम्ही उकडून निघाल. राहू द्या.

दरवर्षी गणपती उठले की एखादा ग्रुप वही घेऊन येतो. "सर, गोष्ट लिहून झाली. आता फक्त चित्रं काढायचीत." त्या 'फक्त'ची मला धास्ती वाटते, कारण विद्यार्थी असताना मी त्याच शब्दानं बुडालो होतो. 18 चित्रांची कथा ठरवली, सात कशीबशी झाली. उरलेली गोष्ट कागदावर लिहून चित्रांखाली चिकटवली. परीक्षकांनी चष्मा वर सरकवून सगळं वाचलं आणि म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुझं."

वहीतली गोष्ट एकामागून एक वाक्यानं सरकते. भिंतीवरची गोष्ट एकदम सगळी समोर असते. बघणारा कुठूनही शिरतो, शेवट आधी बघतो, मधलं सोडून देतो. त्याला हात धरून नेता येत नाही. म्हणून 'आधी काय, मग काय' हे ठरवण्यापूर्वी 'कुठं काय' हे ठरवायचं. माझं आजचं सांगणं एवढंच.

हे काही मी शोधलेलं नाही. आपण नशीबवान, कथा सांगायच्या तीन तऱ्हा एसटीच्या अंतरावर आहेत. वेरूळला 16 नंबरच्या लेण्यात, कैलासाच्या एका अंगाला रामायण आहे, दुसऱ्या अंगाला महाभारत. आडव्या पट्ट्या, एकीखाली एक, वहीच्या ओळींसारख्या. पैठणची चित्रकथी वेगळी. कागदावरची चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एका कथेचा संच म्हणजे पोथी. सांगणारा एकेक पान समोर धरणार, तो पालटेल तेव्हाच पुढचं दिसणार. आज ती परंपरा सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी धरून ठेवलीय. नाव आपलं, जीव लावला त्यांनी. असो.

अजिंठ्यापाशी जरा थांबू. 17 नंबरच्या लेण्यात उजव्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. त्याचं जहाज फुटतं, सोबती राक्षसिणींच्या बेटावर अडकतात, पांढरा घोडा त्याला आकाशातून सोडवून नेतो. राक्षसीण पाठोपाठ राजवाड्यात शिरते, राजाला खाते. शेवटी सिंहलच राजा होतो आणि बेटावर चाल करून जातो. एवढी मोठी भानगड, पण चौकट एकही नाही. तोच सिंहल पुन्हा पुन्हा दिसतो. मध्ये कुठं दरवाजा, कुठं खांब, कुठं झाड, तीच काय ती सीमा. महालात घडलेलं महालापाशी, बेटावर घडलेलं बेटाभोवती. काळ मागंपुढं झाला तरी चालेल, ठिकाण फुटता कामा नये. पुढच्या वेळी गेलात की गाइडचं ऐकू नका, दहा मिनिटं नुसते उभे राहा आणि कुठलं ठिकाण कुठं संपतं ते वहीत खुणा करून बघा.

आता तुमच्यासारख्याच चौघांचा प्रकल्प सांगतो. गोष्ट काल्पनिक: नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात, बुडालेल्या गावाचा पोस्टमन दगडूनाना. गाव उठून नव्या वसाहतीत गेलं तरी हा रोज होडीतून जातो आणि जुन्या पत्त्यांवरची पत्रं पाण्यात सोडतो. गावाला त्यांनी सुचवलेलं पहिलं नाव मी मोबाइलवर शोधायला लावलं. मराठवाड्यातच त्या नावाची तीन गावं निघाली. मग 'डोहगाव' ठेवलं. खऱ्या गावाच्या माथी आपली कल्पना मारू नये.

पोरांचा बेत होता 24 चित्रं, शिवाय गावाचं मॉडेल, शिवाय स्पीकरवर पाण्याचा आवाज. मी म्हटलं, खडू घ्या, हिशेब मांडा. हाफ इम्पिरियल, म्हणजे साधारण 15 बाय 22 इंची कागदावर एक चित्र, कच्च्या रेखाटनापासून पुठ्ठ्यावर चिकटवण्यापर्यंत, बारा तास. म्हणजे 288 तास. हातात सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास, चौघं जण: 240. त्यात एकाला सोयाबीन काढणीला गावी जायचं होतं. फळ्याकडं बघून तीच पोरगी, जिनं गोष्ट लिहिली होती, म्हणाली, "सर, हे जमायलंच नाही." स्पीकर त्याच दिवशी गेला, मॉडेल दुसऱ्या दिवशी.

चित्रं कमी करताना प्रसंग गाळायला बसलो असतो तर भांडणंच झाली असती, कारण प्रत्येक प्रसंग कुणाचा तरी लाडका. म्हणून ठिकाणं मोजली. नानाचा ओटा, पाण्याचा काठ, तळातलं गाव, नवी वसाहत. चार. प्रत्येक ठिकाणी कायकाय घडतं ते एकाच चित्रात किती मावतं बघा म्हटलं. नाना ओट्यावर चपला घालतोय, त्याच ओट्यावर रात्री रिकामी पिशवी झटकतोय, दोन्ही एकाच कागदावर. 24 ची नऊ झाली.

मग वर्गातल्या फरशीवर खडूनं भिंत आखली आणि पोस्टकार्डाएवढ्या नऊ चिठ्ठ्या मांडून तिच्या कडेनं चालायला लावलं. तिथं त्यांना खरी गोष्ट सापडली. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक निळी सुतळी ताणायची. ती पाण्याची रेघ. काठ आणि वसाहत सुतळीच्या वर. तळातलं गाव खाली, गुडघ्याशी. गाव बघायचं तर वाकायला पाहिजे. वहीत ही कल्पना आली नसती, ती चालताना आली.

तारखांचा एक कागद मात्र सुरुवातीलाच करा. कथा खोटी असली तरी तिच्या भोवतीचं खरं असतं. जायकवाडीची पायाभरणी 1965, उद्घाटन 1976, मध्ये 72 चा दुष्काळ. नानाच्या पिशवीत मुलानं आईला लिहिलेलं 1969 चं कार्ड दाखवायचं होतं. चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून, कोपरा किंचित जाळून सुरेख जुनं केलेलं. पत्त्याखाली ठसठशीत सहा आकडी पिनकोड! पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. कागद जुना दिसला, पत्ता मात्र नवाच राहिला.

ते एक कार्ड दुरुस्त झालं आणि आम्ही निश्चिंत झालो. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी एक निवृत्त पोस्टमनकाका आले. नऊ चित्रं झपाझप बघितली, आणि सुतळीखाली टाचलेल्या, गाव बुडाल्यानंतरच्या बारा कार्डांपाशी उकिडवे बसले. बराच वेळ बसले. मग पोरीला हाक मारली.

"बाई, हा पहिला शिक्का कार्ड टाकलं तिथला. बरोबर. दुसरा कुठला?"

"काका, पोहोचल्याचा. डोहगावचा. जुन्या कार्डांवर दोन शिक्के असतात, आम्ही बघून केलंय."

"असतात की. पण डोहगावचं पोस्टच पाण्यात गेलं ना? मग शिक्का मारला कुणी?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

त्या रात्री बाराही कार्डं नव्यानं केली. शिपाईमामांनी गॅसवर चहाचं पाणी उकळून दिलं. उन्हाऐवजी पंख्याखाली वाळवली, त्यामुळं रंग थोडा फिका आला. या वेळी शिक्का एकच. दुसऱ्या शिक्क्याची जागा कोरी ठेवली.