हंगामी पादचारी रस्ते: करून पाहण्याची संधी

श्रोतेहो, शहराच्या मध्यभागातला एखादा रस्ता उन्हाळ्याचे काही महिने मोटारींना बंद करून पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा करायचे ठरले, की दोन प्रश्न हमखास पुढे येतात: दुकानांच्या धंद्याचे काय होणार आणि इथली रहदारी जाणार कुठे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांची उत्तरे नुसत्या नकाशावरून मिळत नाहीत, रस्ता खरोखर बंद झाल्यावर माणसे कशी वागतात हे पाहावे लागते. हंगामी बंदी मागे घेता येते, म्हणूनच ती करून पाहता येते, आणि माझ्या मते तिचे खरे मोल यातच आहे.

कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट हा रस्ता १९५०च्या दशकाच्या अखेरीस नाताळात काही दिवस वाहनांना बंद ठेवला जाई. नोव्हेंबर १९६२ मध्ये तो प्रयोग म्हणून अधिक काळासाठी बंद झाला, तेव्हा डेन्मार्कच्या थंड हवेत लोक इटलीतल्यासारखे रस्त्यावर रेंगाळणार नाहीत, असा आक्षेप घेतला गेला. १९६४ मध्ये तोच रस्ता कायमचा पादचाऱ्यांचा झाला. पॅरिसमध्ये २००२ पासून सेन नदीकाठचा जलद मार्ग उन्हाळ्यात काही आठवडे बंद ठेवून तिथे वाळू आणि आरामखुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. २०१६ मध्ये उजव्या काठाचा ३.३ किलोमीटरचा पट्टा मोटारींना कायमचा बंद झाला. तो निर्णय २०१८ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला आणि नगरप्रशासनाला नवा आदेश काढावा लागला, हेही सांगितले पाहिजे, कारण लोकांना सवय झाली तरी वाद संपतोच असे नाही.

रहदारीबद्दलची भीती बहुधा वास्तवापेक्षा मोठी असते. सॅली केर्न्स, कार्मेन हास-क्लाऊ आणि फिल गुडविन या वाहतूक संशोधकांनी १९९८ साली रस्त्यांची वाहनक्षमता घटवल्याची अनेक ठिकाणची उदाहरणे तपासली, तेव्हा तिथल्या वाहनांपैकी काही शेजारच्या रस्त्यांवरही आढळली नाहीत. लोक निघण्याची वेळ बदलतात, एका फेरीत दोन कामे उरकतात, कधी बसने जातात. पण हे सगळीकडे सारखे घडत नाही आणि बाजूच्या गल्लीत राहणाऱ्यांची तक्रार खोटी मानण्याचा अधिकार आपल्याला त्यातून मिळत नाही.

धंद्याचे उत्तर रस्त्याभोवतीच्या वस्तीत असते. अमेरिकेतील कॅलमझू शहराने १९५९ मध्ये भर बाजारातला रस्ता मोटारींना बंद केला. १९९८ मध्ये त्याच्या काही भागावर मोटारी परत आल्या. मधल्या काळात अमेरिकेतील अनेक शहरांचा बाजार उपनगरांतल्या मॉलकडे गेला होता, आणि जिथे संध्याकाळी राहायला माणसे नाहीत तिथे वाहने काढून चालणारे आपोआप येत नाहीत. उलट कॅनडातील मॉन्ट्रियल शहराचा माँ-रॉयाल मार्ग २०२० पासून उन्हाळ्यात पादचाऱ्यांचा होतो, कारण त्याच्या भोवती दाट वस्ती आहे आणि मेट्रोचे स्थानकही आहे.

तयारीत सर्वांत कमी लक्ष दिले जाते ते तपशिलांकडे. माल उतरवण्यासाठी सकाळचे तास राखून ठेवावे लागतात, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासाठी सलग मोकळी पट्टी लागते आणि तिथे उपाहारगृहाची एकही खुर्ची पुढे सरकता कामा नये. मोठे आडवे रस्ते सुरू ठेवले तर बसचा वळसा लहान होतो. ज्यांना फार चालता येत नाही, त्यांच्या वाहनासाठी अगदी तोंडाशी राखीव जागा आणि मध्ये बसायला पाठ असलेली बाके पहिल्या दिवसापासून हवीत. ती नसतील तर आपण काही नागरिकांना त्या रस्त्यावरून हाकलले, असाच त्याचा अर्थ होतो.

शेवटचा मुद्दा मुदतीचा. दोन आठवड्यांची बंदी केवळ गोंधळ दाखवते, कारण सवयी बदलायला त्याहून अधिक काळ लागतो. तारखा हिवाळ्यातच जाहीर झाल्या, तर दुकानदारांना माल आणि मनुष्यबळ यांचा हिशेब करता येतो. मोजणी बंदीच्या आधी, बंदीच्या काळात आणि रस्ता पुन्हा उघडल्यावर, शेजारच्या रस्त्यांसकट व्हावी आणि तिचे आकडे पुढच्या वर्षीचा निर्णय होण्यापूर्वी सर्वांच्या हाती पडावेत.